पट्टी सोडा, मग सांगते

(दृश्य: शाळेचं पटांगण. डोळ्यांना रुमाल बांधलेला मुलगा हवेत हात फिरवतोय. भोवती पळापळ आणि हसणं.)

आंधळी कोशिंबीर. ज्याच्यावर राज्य, त्याच्या डोळ्यांना रुमाल. त्यानं चाचपडायचं, बाकीच्यांनी टपली मारून पळायचं. अंधत्वाशी आपल्यापैकी बहुतेकांची पहिली ओळख ही अशीच झालेली असते.

मग कधीतरी शाळेत कार्यक्रम ठरतो, 'अंध बांधवांच्या अडचणी समजून घेऊ या.' आणि पुन्हा तोच रुमाल बाहेर येतो. वर्गातून नळापर्यंत जाऊन या, असं मुलांना सांगतात. मुलं बाकांवर आपटतात, घाबरतात. रुमाल सोडल्यावर म्हणतात, "बापरे, किती भयंकर!" शिक्षकांना वाटतं, चला, मुलांना कळलं.

नेमकं काय कळतं, हे एरिएल सिल्व्हरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत तपासून पाहिलं. त्या स्वतः अंध आहेत. 2015मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात, डोळे बांधून साधी कामं केलेल्या लोकांना नंतर विचारलं होतं, अंध माणूस नोकरी करू शकेल का? एकटा राहू शकेल का? पट्टी न बांधलेल्यांपेक्षा पट्टी बांधलेल्यांनी अंध माणसांची कुवत कमी धरली. म्हणजे समजूत वाढावी म्हणून केलेला उद्योग उलटाच पडला.

त्यात आश्चर्य नाही. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलला, वर काढला आणि विचारलं, पोहणं कसं असतं रे? तो जे सांगेल ते बुडण्याबद्दल असेल. पट्टी बांधून मिळतात ती नव्यानं दृष्टी गेलेल्या माणसाची पहिली पाच मिनिटं. पुढच्या वीस वर्षांत तो जे शिकतो, ते त्या रुमालात नसतं.

(दृश्य: सातवीचा वर्ग. दारातून काठीचा टकटक आवाज.)

या वर्गात आज रुमाल नाहीत. शिकवायला ताई आल्यात. त्या जन्मापासून 'टोटल'. दृष्टिहीनांच्या बोलण्यात 'टोटल' म्हणजे अजिबात न दिसणारा आणि 'पार्शल' म्हणजे थोडंफार दिसणारा. मुलांना हे नवीन आहे. अंध म्हणजे मिट्ट काळोख, असंच त्यांना वाटत होतं. खरं तर सरकारी व्याख्येनं अंध ठरणाऱ्या पुष्कळांना उजेड, हालचाल, मोठे आकार थोडेफार कळतात.

ताईंचा पहिला प्रश्न सोपा वाटतो. "घरून शाळेत कसे येता ते सांगा. फक्त दिसणारं काही सांगायचं नाही."

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून कुणीतरी, "रसवंतीचे घुंगरू." आणि मग बांध फुटतो. पिठाच्या गिरणीची घरघर आणि गरम पिठाचा वास. बेकरी. देवळाच्या फरशीचा गारवा, चप्पल काढली की. सुकी मासळी विकणाऱ्या मावशी, ज्यांच्या अलीकडेच एक मुलगी रोज नाक दाबते. फळ्यावर पंधरा मिनिटांत गावाचा नकाशा तयार होतो आणि त्यात दिसणारी एकही खूण नाही.

"मी पण अशीच येते," ताई म्हणतात. "फक्त तुम्ही नाक दाबता, मी नाही दाबत. तिथंच मला उजवीकडे वळायचं असतं."

एक मुलगा अडखळत विचारतो, तुमच्यासमोर 'बघा' म्हटलं तर चालतं का? ताई हसतात. मराठीत तर आपण चाखून बघतो, वास घेऊन बघतो, ऐकून बघतो, हात लावून बघतो. "मी कालची मॅच बघितली असंच म्हणते. रेडिओवर."

(दृश्य: रेल्वे स्टेशनचा फलाट. पिवळ्या फरश्या, त्यावरून धावणारे बूट.)

स्टेशनवर, मेट्रोत या पिवळ्या उठावदार फरश्या आपण रोज तुडवतो. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या 1965मध्ये तयार केल्या आणि 1967मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या असल्या तर चालत राहा, गोल टिंबं आली तर थांबा, पुढे काहीतरी आहे. मुलं बूट काढून त्यावर चालतात. तळव्याला फरक लगेच कळतो. आणि मग त्यांना दिसतं की या पट्टीवर मध्येच एक टपरी मांडलीय. ही गोष्ट अभ्यासक्रमात नव्हती, पण सगळ्यात जास्त चर्चा तिच्यावरच झाली.

(दृश्य: वर्ग. मुलांच्या हातात ब्रेल पाट्या. कागदात टोचण्याचा टकटक आवाज.)

आता ब्रेल. टोचायचं हत्यार, स्टायलस, हातात आल्याबरोबर एक मुलगी म्हणते, ही तर चप्पल शिवणाऱ्या काकांची आरी! तिला ठाऊक नाही, पण तिनं नेमकं बोट ठेवलंय. फ्रान्समधल्या कुव्रे गावात 1809मध्ये जन्मलेला लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगीर-लगामाच्या कारखान्यात खेळत होता. तिथंच अशाच अणकुचीदार हत्यारानं त्याचा एक डोळा गेला आणि संसर्गानं पुढे दुसराही. पॅरिसच्या अंधशाळेत त्याला उठावदार टिंबांची एक लिपी भेटली. शार्ल बार्बिए यांची. एका खुणेत बारा टिंबं. अडचण ही की बारा टिंबं बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नाहीत, बोट वरखाली फिरवावं लागतं. पंधराव्या वर्षी लुईनं ती सहावर आणली. दोन टिंबांमध्ये जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणजे आख्खं अक्षर एका स्पर्शात. डोळ्यानं वाचणाऱ्याला हा फरक सुचला नसता, तो बोटानं वाचणाऱ्यालाच सुचला.

भारतीय भाषांसाठी 1951मध्ये भारती ब्रेल ठरली. सहा टिंबांना क्रमांक असतात, वाचताना डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. मुलांना लिहायचंय 'आई'. आ म्हणजे 3, 4, 5 ही टिंबं. ई म्हणजे 3 आणि 5. दोघांत एका टिंबाचा फरक. सोपं आहे, असं म्हणून सगळे डावीकडून सुरू करतात.

चुकतात. पाटीवर टिंब मागून टोचलं जातं, त्यामुळे कागद उलटला की सगळं आरशात पाहिल्यासारखं फिरतं. लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. एका मुलाचा कागद ताई बोटानं वाचतात आणि थांबतात. "अरे, आईचं काय केलंस? इथं 'घ' आलाय." खरंच, 'आ' उलटा टोचला की 'घ' होतो. वर्ग हसतो, पण हे हसणं आंधळ्या कोशिंबिरीतलं नाही. इथं चुकणारा डोळस आहे, शिकवणारी अंध.

(दृश्य: टेबलावर तीन नोटा, शेजारी मोजपट्टी.)

मग ताई पर्समधून तीन नोटा काढतात. शंभर, दोनशे, पाचशे. "मोजा." मोजपट्टी लावली जाते. 142 मिलिमीटर, 146, 150. रुंदी तिन्हींची 66. म्हणजे एका नोटेपासून दुसरीत चार मिलिमीटरचा फरक. जुन्या मालिकेत शंभराची नोट 157 मिलिमीटर होती, पाचशेची 167. तिथं बोटाला निदान दहा मिलिमीटर मिळत होते. नव्या नोटांच्या कडेला उठावदार रेषा आहेत, शंभराला चार, पाचशेला पाच. पण भाजीवाल्याच्या ओल्या गल्ल्यातून फिरून आलेल्या नोटेवर त्या हाताला लागतात का, तेही मुलं करून बघतात. एकाला लागतात, तिघांना नाही. रिझर्व्ह बँकेनं 2020च्या जानेवारीत नोट ओळखणारं 'मणी' हे ॲप काढलं. गर्दीच्या बाजारात, मागे रांग असताना फोन काढून प्रत्येक नोट त्याच्यासमोर धरायची, हे कसं वाटेल? ताईंची आपली रीत वेगळी. शंभर सरळ, दोनशेची एक घडी, पाचशे दुसऱ्या कप्प्यात.

मला हा तास सगळ्यात मोलाचा वाटला. रुमाल बांधून मुलं म्हणाली असती, अंध असणं किती कठीण. नोटा मोजून एका मुलीनं विचारलं, "नोट लहान करताना यांना कुणी विचारलं नाही का?"

अंधाराचा उपयोगच नाही, असं मात्र नाही. आंद्रेयास हाइनेके यांनी 1988मध्ये जर्मनीत 'डायलॉग इन द डार्क' सुरू केलं. संपूर्ण काळोख्या खोल्या, आत बाजाराचे आवाज, वास, पायाखाली बदलणारी जमीन, आणि वाट दाखवणारे सगळे अंध. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राचा 'अंतर्चक्षू' हा उपक्रमही असाच, रोजचे व्यवहार वेगळ्या रीतीनं करून बघण्याचा. काळोखात तुम्हाला एकटं सोडलंय की ज्याला तिथली वाट ठाऊक आहे त्याचा हात हाती आहे, सगळं त्यावर ठरतं.

(दृश्य: शाळेचा जिना. ताईंचा हात एका मुलीच्या कोपरावर.)

हाताचंही शास्त्र आहे. आपण मदतीला धावतो ते दंड धरून ओढायला. ताई सांगतात, ओढू नका, कोपर द्या, आणि अर्धं पाऊल पुढे चाला. तुमच्या कोपराच्या वरखाली होण्यातून मला पायरी कळते. आणि आधी विचारा, हवंय का? पाच मुलं आळीपाळीनं त्यांना जिन्यावरून आणतात. चौथा मुलगा इतका हळू चालतो की ताईंनाच त्याला रेटावं लागतं.

घंटा होते. तरी एक प्रश्न उरलेला असतोच.

"ताई, तुम्हाला स्वप्नं पडतात?"

"पडतात की. कालच पडलं, माझी एसटी चुकली."

"पण एसटीच होती, कशावरून?"

"डिझेलचा वास. आणि कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून भांडत होता."