ग्रीडचा झोका

(दृश्य: मध्यरात्र. रावेरच्या शिवारातील केळीची बाग. मोटरीचा आवाज.)

रात्रीच्या पाळीने केळीला पाणी देणारा शेतकरी स्टार्टरचे बटण दाबतो, आणि त्या मोटरीचा भार, अगदी नगण्य का होईना, भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टर्बाइनवर त्याच क्षणी पडतो. तो एकट्या दीपनगरवर पडत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीने दक्षिण भारत उर्वरित ग्रीडला, म्हणजे वीज केंद्रे आणि वाहिन्यांच्या सामायिक जाळ्याला, जोडला गेला, तेव्हापासून देशभरातील जनित्रे ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, एकाच लयीत फिरत आहेत.

लय एकच असली, तरी विजेच्या तरंगाचे शिखर सर्वत्र एकाच क्षणी येत नाही. धुळ्याच्या उपकेंद्रातील तरंग आणि दिल्लीजवळचा तरंग यांच्यात काही अंशांचा कोन असतो, आणि वीज वाहते ती या कोनामुळेच. वाहिनीवरचा भार वाढला की कोन रुंदावतो. तो फार रुंदावला, की दोन्हीकडच्या जनित्रांची एकमेकांवरची पकड सुटते.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी पश्चिमेकडून उत्तरेला वीज नेणारी बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी आपोआप बंद झाली. तिच्यात कोणताही दोष नव्हता. वाढलेल्या भारालाच रिलेने, म्हणजे दोष दिसताच वाहिनी बंद करणाऱ्या संरक्षक उपकरणाने, दोष मानले होते. उत्तर ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रीड बंद पडली आणि सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. खानदेश ज्यात येतो, ते पश्चिम ग्रीड मात्र तगले.

(दृश्य: उपकेंद्रातील नियंत्रण कक्ष.)

दोन ठिकाणच्या तरंगांमधला हा कोन थेट मोजणारे फेझर मापन यंत्र १९८८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात तयार झाले, ते अरुण फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. फडके यांचा जन्म ग्वाल्हेरचा, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. हे यंत्र प्रत्येक मोजणीवर जीपीएस उपग्रहाकडून मिळालेल्या वेळेचा शिक्का मारते. घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी कोनात फरक पडतो तो अवघ्या ०.०१८ अंशाचा, म्हणूनच शेकडो किलोमीटर अंतरावरचे दोन तरंग शेजारी ठेवून पाहता येतात.

जुन्या पद्धतीत नियंत्रण कक्षाला काही सेकंदांनी एक आकडा मिळत असे. हे यंत्र सेकंदाला २५ ते ५० आकडे पाठवते. त्यामुळे एरवी नजरेतून निसटणारी हालचाल दिसू लागते: एका प्रदेशातील जनित्रे दुसऱ्या प्रदेशातील जनित्रांविरुद्ध हेलकावू लागतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कडुलिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यासारखी. झोका आपोआप मंदावला तर चिंता नाही. १० ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेच्या पश्चिम ग्रीडमध्ये तो सुमारे चार सेकंदांच्या फेऱ्याने वाढतच गेला, आणि अखेरीस ते ग्रीड तुकड्यांत विभागले गेले.

हा झोका आवरण्यासाठी जनित्राच्या उत्तेजन प्रणालीला, म्हणजे त्यात चुंबकत्व निर्माण करणाऱ्या यंत्रणेला, स्थिरक हे झोके दाबणारे उपकरण जोडतात, किंवा डीसी (एकदिश प्रवाहाच्या) वाहिनीतील वीज झोक्याच्या उलट दिशेने कमीजास्त करतात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांसारखे, दीपनगरच्या टर्बाइनइतके जड, धक्के सोसणारे फिरते वजन थेट ग्रीडला न देणारे स्रोत वाढत असताना हे काम अधिक नाजूक होत आहे. दूरच्या मोजणीवरून नियंत्रण करायचे, तर संदेश पोहोचायला लागणारा वेळही हिशेबात धरावा लागतो. चार सेकंदांच्या झोक्यात तो आवरणारा हात दोन सेकंद उशिरा पोहोचला, तर तोच हात झोक्याला पुढे ढकलतो.