बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

श्रोतेहो, नमस्कार.

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक घरांत बाळंतिणीची खोली आजही तशीच सजते. खिडक्या बंद, फटींना कापडाचे बोळे, बाजेखाली शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, बाळंतशेपा टाकायचा आणि त्या धुरीवर आजीने बाळाला अलगद धरून शेकायचं. यामागे माया आहे, हे आधीच सांगते. तरीही गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना धूर, उकाडा आणि मचूळ पाणी काय करतं हे सांगताना, आज सुरुवात त्या शेगडीपासूनच करायची आहे. आपल्याकडे समुद्राची स्वच्छ हवा आहे खरी, पण बाळाचा पहिला महिना जातो तो या खोलीत.

शेगडी अंगणात पेटवायची आणि धूर गेला की आत आणायची, अशी रीत आहे. धूर दिसेनासा झाला म्हणजे शेगडी निर्धोक झाली, असं वाटतं. पण लालबुंद निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, आणि मग प्राणवायूला जागाच उरत नाही. बाळंतिणीचं डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते. घरचे म्हणतात, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जरा पडून राहा. म्हणजे ती त्याच खोलीत पडून राहते! बाळ तर काही सांगूच शकत नाही. ते सुस्तावतं, दूध ओढायचं सोडतं. असं दिसलं तर दोघांना आधी मोकळ्या हवेत आणा, दारं उघडा, शेगडी बाहेर न्या आणि 108 ला फोन करा.

मग बाळाला ऊब कशी द्यायची? आईच्या उघड्या छातीवर बाळाला पोटावर झोपवा, वरून दुपटं घाला. खोली 25 ते 28 अंशांची असली की पुरते, आणि कोकणात वर्षातले बरेच दिवस ती शेगडीशिवाय तेवढी असतेच. पारख हाताने करता येते. बाळाचं पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट गरम पण तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही तापलेले, तर बाळ जास्त गुंडाळलं आहे. मे महिन्यात हेच अधिक होतं. आणि ओव्याचा मान ठेवायचाच असेल तर ओवा बाळंतिणीच्या पानात वाढा, निखाऱ्यावर नको.

आता बाळ पोटात असतानाचं. लाकूड, झावळ्या, नारळाची सोडणं जळताना जे अतिसूक्ष्म कण निघतात, ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रॉन, त्यावरून अंदाज करा. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यातले काही रक्तात उतरतात. 2019 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना काजळीचे कण वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, बाळाकडच्या बाजूलाही सापडले. वारेतला रक्तपुरवठा बिघडला की बाळाचं वजन कमी भरतं, दिवस पुरे होण्याआधी कळा येऊ शकतात. गरोदरपणात बाई प्रत्येक श्वासाला जास्त हवा आत घेते, म्हणजे धूरही जास्तच.

गॅस आला की सगळं सुटलं, असंही नाही. भारतासह चार देशांत सुमारे 3,200 गरोदर स्त्रियांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. निम्म्या घरांना गॅस दिला. तिथला धूर खूप घटला, पण बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. गॅस मिळाला तेव्हा त्यांना तिसरा-चौथा महिना, काहींना पाचवा लागला होता. उशीर हे एक कारण असू शकेल, सिद्ध झालेलं नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की धूर दिवस राहण्याआधीच कमी करावा, आणि सगळीकडून करावा. जेवण गॅसवर, पण न्हाणीतलं पाणी तापतंय चुलीवर, असं किती घरांत असतं! ते पाणी तापवायचं काम गरोदर बाईकडे देऊ नका. चूल वापरावीच लागली तर लाकडाची बेगमी पावसाआधी करा. ओलं लाकूड तापण्याऐवजी धुमसतं. काजूची टरफलं चुलीत मुळीच घालू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायचे दिवस असतील तर तिला त्या दिवशी वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या घरी पाठवा. आणि मच्छर अगरबत्ती! बंद खोलीत एक कॉइल जळली की 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सुटतात, असं मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लावा, कडा गादीखाली खोचा.

दुसरी गोष्ट उकाडा. किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा निदान 37 अंशांवर जावा लागतो. पण आपल्याकडे 34 अंशांतही घाम अंगावर तसाच राहतो, सुकत नाही. आणि शरीर गार होतं ते घाम सुकल्यामुळे. म्हणूनच देशावरचा वाळ्याचा कूलर इथे कामाचा नाही, तो दमटपणाच वाढवतो. इथे पंखा हवा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात. अंग तापलं की शरीर रक्त कातडीकडे वळवतं आणि गर्भाशयाकडे ते कमी पोचतं. 27 देशांतल्या अभ्यासांचा आढावा 2020 मध्ये आला. त्यात तापमान एका अंशाने वाढलं की अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी वाढलेली दिसली. तेव्हा सुकी मासळी वाळत घालणं, आंब्याच्या पेट्या भरणं, ही कामं सकाळी अकराच्या आत किंवा चारनंतर. पेज, ताक, शहाळं थोडं थोडं घेत राहावं. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. रक्तदाब असेल तर पेजेतलं मीठ डॉक्टरांना विचारून.

खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा आणखी एक काळजी. बांगलादेशच्या किनाऱ्यावर खारं पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांत रक्तदाबाचा त्रास जास्त आढळला आहे. पाणी उकळून मीठ जात नाही, उलट दाट होतं. तिच्यापुरतं तरी पिण्याचं पाणी गोड्या विहिरीचं किंवा नळाचं आणा. डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासा. बाळाची हालचाल मंदावली तर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा वेळा जाणवली नाही तर दवाखाना गाठा.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळाचे श्वास कसे मोजायचे ते पहिल्याच भेटीत तिच्याकडून शिकून घ्या. बाळ शांत असताना दुपटं बाजूला करायचं, पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही, कारण बाळाचा श्वास मध्येच थांबून पुन्हा चालतो. आकडा 60 किंवा जास्त आला तर लगेच पुन्हा मोजा. परत तितकाच आला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला गेला, तर सकाळची वाट बघू नका. 102 किंवा 108 लावा. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या छातीशी, डोक्यावर टोपी, आणि पीत असेल तर दूध चालू ठेवा.