गेटच्या आतला निर्णय काउंटीकडे कशाला?

राईट टू वर्क म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवते रोजगार हमी. 1977 चा आपला महाराष्ट्राचा कायदा, मागेल त्याला काम. अमेरिकेत त्याच शब्दांचा अर्थ पार वेगळा आहे, तिथे या कायद्याने कोणालाही काम मिळत नाही. कारखान्यात युनियन असली तरी तिला एक पैसा न देता नोकरीवर राहता येतं, एवढाच त्याचा अर्थ. हे आधी डोक्यात बसवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं ऐकू येईल.

तिथली पद्धत अशी आहे की कामगारांनी बहुमताने एक युनियन निवडली की ती सगळ्यांच्या वतीने बोलते, सभासद असो नसो. पगारवाढ सगळ्यांना मिळते, आणि एखाद्याने कधी पावती फाडली नसली तरी त्याची तक्रार तिला प्रामाणिकपणेच हाताळावी लागते, कायद्याचं बंधनच आहे. मग युनियन आणि कंपनी मिळून करारात कलम टाकतात, सभासद होऊ नकोस हवं तर, पण वाटाघाटींचा खर्च सगळ्यांनी उचलायचा. सोसायटीत मेंटेनन्स न भरता लिफ्ट वापरणारा माणूस आपल्याला चालतो का?

1947 साली टाफ्ट-हार्टली कायदा आला, त्याच्या कलम 14(बी) ने राज्यांना असं वर्गणी सक्तीचं कलम बंद करायची मुभा दिली. आज 26 राज्यांत ते बंद आहे, हाच तो राईट टू वर्क. पण 14(बी) मध्ये शब्द आहेत 'राज्याचा किंवा टेरिटरीचा (म्हणजे राज्याचा दर्जा नसलेल्या प्रदेशाचा) कायदा', आणि खरं भांडण इथेच आहे, की राज्य म्हणजे फक्त विधानसभा की राज्याने अधिकार दिलेली काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), गाव पण?

केंटकी राज्यात विधानसभेचं खालचं सभागृह तेव्हा युनियनच्या बाजूच्या डेमोक्रॅट्सकडे होतं, राज्याचा कायदा होईना. मग 2014 च्या डिसेंबरमध्ये वॉरन काउंटीने स्वतःच ठराव करून टाकला, जानेवारीत हार्डिन काउंटी, मग बाकीच्या पाठोपाठ. युनियन्स कोर्टात गेल्या, खाली जिंकल्या, पण नोव्हेंबर 2016 मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने (सर्किट म्हणजे एका केंद्रीय अपील कोर्टाखाली येणारी काही राज्यं) सांगितलं की काउंटी हा राज्याचाच भाग, तिला चालतं. दोन महिन्यांत राज्याचाच कायदा आला, कारण निवडणुकीत सभागृहच पालटलं होतं. इलिनॉयमध्ये शिकागोजवळच्या लिंकनशायर गावाने 2015 ला हेच केलं, तिथे सातव्या सर्किटने 2018 मध्ये बरोब्बर उलट निकाल दिला.

आता माझं म्हणणं. मी विकेंद्रीकरणाच्या बाजूचाच माणूस आहे, पाणी, शाळा, रस्ते गावाने ठरवावेत असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे 'स्थानिकांना ठरवू द्या' हे ऐकलं की पहिल्यांदा मान डोलते. पण इथे स्थानिक कोण? केंटकीत 120 काउंट्या आहेत, कामगार राहतो एकीत, कारखाना दुसरीत, म्हणजे ज्याच्या पगाराचा प्रश्न आहे त्याला त्या काउंटीत मतच नाही, आणि ज्यांना मत आहे त्यातल्या बहुतेकांनी त्या कारखान्याचं गेटही पाहिलेलं नसतं. वर कंपनी शेजारच्या काउंटीला सांगू शकते, तुम्ही पण ठराव करा नाहीतर आम्ही चाललो पलीकडे. हे गावांना एकमेकांविरुद्ध बोली लावायला लावणं आहे, आणि बोली कामगाराच्या खिशातून लागते.

आणि मुख्य म्हणजे सगळ्यात स्थानिक निर्णयाची सोय तिथल्या कायद्यात आधीपासून आहे, फार लोक ती सांगतच नाहीत! युनिटमधल्या, म्हणजे ती युनियन ज्यांच्या वतीने बोलते त्यांच्यातल्या, 30 टक्के कामगारांनी सह्या केल्या की गुप्त मतदान लागतं, एकूण कामगारांपैकी निम्म्याहून जास्त 'नको' म्हणाले की वर्गणी सक्तीचं कलम रद्द, युनियन मात्र राहते. जे रोज एका लाइनवर उभे राहतात, तेच ठरवतात. याच्या वर काउंटी कमिशनरने येऊन बसायचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

इलिनॉयने 2019 मध्ये गावांना असे ठराव करायला बंदी घातली, न्यू मेक्सिकोनेही त्याच वर्षी, कारण तिथे सँडोव्हालसकट बऱ्याच काउंट्यांनी ठराव केले होते. इलिनॉयच्या कायद्यामुळे लिंकनशायरची केस निरर्थक ठरली, सुप्रीम कोर्टाने सातव्या सर्किटचा निकाल रद्द करून ती निकालात काढली, मूळ प्रश्नाला हातच लावला नाही. म्हणजे सहाव्या सर्किटचा निकाल अजून उभा आहे, आणि ओहायो त्याच सर्किटमध्ये येतं, जिथे राज्याचा राईट टू वर्क कायदा अजून झालेला नाही, म्हणजे तिथे काउंट्यांचा हा प्रश्न पुन्हा उठू शकतो.