ब्रिजवरचा जागता माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं मी बोटीवर होतो, सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून उतरलो. आता रविवारी मांडव्याला एका क्लबात पोरांना शिडाच्या होड्या शिकवतो. पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, "काका, इंजिनवाल्यानं शिडाला वाट द्यायची ना?"

द्यायची. टक्कर टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम तसंच सांगतात. पण त्याच नियमांत नववा आहे. अरुंद चॅनेलमध्ये, म्हणजे मोठ्या बोटींच्या खोल पाण्याच्या वाटेत, शिडाच्या होडीनं, आणि वीस मीटरपेक्षा लहान कुठल्याही होडीनं, चॅनेल सोडून जाऊ न शकणाऱ्या बोटीला अडवायचं नाही. गेटवेहून मांडव्याला यायचं तर मोठ्या बोटींचा रस्ता ओलांडावाच लागतो. तिथं शिडाचा मान धरून बसू नये. भरलेल्या कंटेनर बोटीच्या बुडाला खोल पाणी लागतं, ती बाजूला वळणार कुठं? शिवाय नाळेपुढचं, म्हणजे बोटीच्या टोकापुढचं, पाणी ब्रिजवरून, बोट चालवतात त्या वरच्या खोलीतून, दिसत नाही. आजच्या मोठ्या बोटींना नियमच पाचशे मीटरपर्यंत असं आंधळं पाणी चालवून घेतो. फायबरची होडी रडारवरही फिकी दिसते, म्हणून डोलकाठीला धातूचा रिफ्लेक्टर बांधायचाच. पाच आखूड भोंगे ऐकू आले, तर वरचा माणूस तुम्हाला विचारतोय, बाबा, तुझं चाललंय काय?

हा वरचा माणूस जागा असेल, हे आपण धरूनच चालतो. कायद्यानं खलाशाला चोवीस तासांत दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळायला हवी. माल चढ-उताराच्या दिवसांत, एका बोटीवर, मी न झोपलेले तास झोपलो म्हणून सही केली आहे. सगळेच करत होते. त्या रात्री माझा पहारा होता. दूरबीण डोळ्यांना लावलेली, आणि पापण्या मिटलेल्या. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

२०२३च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या एडनच्या आखातात अशाच हल्ल्यात तीन खलाशी मारले गेले. पुष्कळ बोटींनी मग सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपची फेरी दहा-बारा दिवसांनी लांबली, माणसं मात्र तेवढीच. त्यांतली किती तरी आपल्या रायगड-रत्नागिरीची.

चॅनेलात घडलेलं चॅनेलात राहत नाही, हे आपण ७ ऑगस्ट २०१०ला पाहिलं. मुंबई बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया या दोन बोटी धडकल्या, कंटेनर पाण्यात तरंगले, तेल किनाऱ्याला लागलं, कोळ्यांची जाळी कोरडी राहिली. आता पालघर जिल्ह्यात वाढवणला आणखी मोठं बंदर येतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायलाच हवं असं माझं मत आहे.

तुमच्यापैकी कितीजणांच्या घरचा मुलगा बोटीवर असेल. त्याचा फोन आला की आपण विचारतो, जेवलास का? त्याच्या जोडीला हेही विचारा, काल किती तास झोपलास? तो खोटं सांगेल. मीही सांगायचो. पण माझ्या आईला आवाजावरून कळायचं.