कुठं निघाला होता?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय : 'खासगी जमिनीवर विनापरवानगी ऑफ-रोडिंग : धोके व उपाय'. ऑफ-रोडिंग म्हणजे रस्ता सोडून रानातून गाडी घालणं. हे शीर्षक माझं नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की विहिरीबद्दल बोलेन. संयोजकांना वाटलं, मी पोहायला शिकवणार. (हशा) तर गाडीला धोका, माणसाला धोका आणि कायदा असे तीन मुद्दे मांडायचं मी कबूल केलंय. तिन्ही मांडतो. आधी विहीर.

आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो होतो. पाऊस थांबून महिना झाला असेल. डांबरी रस्त्याच्या कडेला एक रान दिसलं. कुंपण नाही, पाटी नाही, पीक नाही, माणूस नाही. माझा मित्र म्हणाला, "मोकळं आहे." या 'मोकळं' शब्दावर माझा जुना राग आहे. रिकाम्या खुर्चीवर रुमाल दिसला तर आपण बसत नाही, आणि अख्खं रान दिसलं की त्यावर रुमाल नाही म्हणून गाडी घालतो!

तर घातली. रानाच्या मधोमध एक हिरवागार तुकडा होता, जवळजवळ गोल. भोवतालचं गवत पिवळं पडलेलं आणि तेवढंच हिरवं. आज अशी गोल हिरवळ दिसली तर मी गाडीतून उतरून आल्या पावली मागं जाईन. त्या दिवशी मी म्हणालो, "इथं फोटो झकास येईल."

पुढची चाकं हिरव्यावर गेली आणि गाडी बसली. फसली नव्हे, बसली. म्हैस डबक्यात बसते तशी, सावकाश, समाधानानं. मी फोर-लो टाकलं (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर), डिफ-लॉक लावला (डावं-उजवं चाक बरोबरीनं फिरवणारी सोय) आणि आपण सगळे करतो तेच केलं, म्हणजे पाय दाबला. चाकांनी खाली उकरून काढलं आणि पाच मिनिटांत चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, जमिनीला टेकली. मागच्या उजव्या चाकाखालून 'फट' असा आवाज आला आणि माणूसभर उंचीचं कारंजं उडालं. पाण्याची पाइपलाइन. गाडी धुवायची सोय झाली, असं मित्र म्हणाला. त्याच्याशी मी बराच वेळ बोललो नाही.

थोड्या वेळानं मालक आले. सत्तरीचे असतील. खांद्यावर फावडं. आमच्याकडं न बघता ते आधी लांबवर जाऊन व्हॉल्व्ह बंद करून आले. कारंजं बसलं. मग माझ्यासमोर उभं राहून अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "साहेब, कुठं निघाला होता?"

मी म्हणालो, "कुठं नाही."

"मग इकडून कसे?"

"असंच."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे जायचं कुठंच नव्हतं, आणि तिथं जायला माझ्या विहिरीवरनं जावं लागलं."

मी इकडंतिकडं बघितलं. "विहीर कुठंय?"

"तुम्ही उभे आहात ती."

(हशा) हसा. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. वडिलांच्या काळातली विहीर. आटली तशी त्यांनी दगड, गाळ, काडीकचरा टाकून बुजवली. आता यातली मेख बघा. बुजवलेली जागा भोवतालच्या जमिनीसारखी कधीच घट्ट बसत नाही. आतला काडीकचरा कुजतो, पोकळी होते, भर खचत राहते. पाणी तिथं जास्त मुरतं, ओल जास्त दिवस टिकते, म्हणून गवत उशिरापर्यंत हिरवं. ती हिरवळ म्हणजेच पाटी होती. मला ती वाचता येत नव्हती, एवढंच.

मग ते म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं." आवाज न चढवता. माझं आजचं सगळं भाषण या एका वाक्यात आहे, पण तुम्ही एवढ्या लांबून आलात म्हणून पुढं बोलतो. परवानगी मागणं ही सभ्यता आहे असं आपल्याला वाटतं, आणि सभ्यता घाईत विसरते. मी म्हणतो, परवानगी ही माहिती आहे. कुठं विहीर बुजवलीय, कुठून पाइप गेलाय, कुठला बांध आतून पोखरलाय, संध्याकाळी डोळ्याला न दिसणारी एकच तार कुठं ताणलीय, हे कुठल्याही नकाशात नसतं. ते एका माणसाच्या डोक्यात असतं, आणि आपण नेमकं त्याला टाळून आत शिरतो.

ट्रॅक्टर आला. माझा मित्र साखळी टो-बॉलला, म्हणजे गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, अडकवायला निघाला. इथं जरा थांबतो, कारण या सभागृहातही दोघं-तिघं हेच करणारे असतील, चेहऱ्यावरून कळतं. टो-बॉल ट्रेलर ओढायला असतो, रुतलेली गाडी उपसायला नव्हे. झटक्यानं तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा काचेतून आत येतो. त्यानं माणसं मेलेली आहेत. कायनेटिक दोर, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा ओढदोर, असेल तर आणखीच जपायचं. तो तीस टक्क्यांपर्यंत ताणला जातो, आणि त्यात साठलेली सगळी ताकद अडकवलेला कमकुवत भाग सुटला की त्या भागासकट परत फिरते. म्हाताऱ्या मालकांनी काय केलं? चेसिसचा पक्का हूक शोधला, साखळी तुटलीच तर तिची उसळी दबावी म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकलं आणि आम्हाला हाकलून साखळीच्या लांबीपेक्षा दूर उभं केलं. मी दोन प्रशिक्षण वर्गांची प्रमाणपत्रं भिंतीवर लावलीत. पोतं एकातही नव्हतं.

गाडी निघाली. मी पाकीट काढलं. त्यांनी पाकिटाकडं बघितलं आणि फावडं माझ्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही पाइप जोडला आणि चाकोऱ्या बुजवल्या. सोल्यूशन, म्हणजे पाइपचा गोंद, लावून पाइप हातात घट्ट दाबून धरायचा असतो, नाहीतर तो हळूच मागं सरकतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून माझ्या छतावर फावडं बांधलेलं असतं. लोकांना वाटतं स्टाइल आहे.

पुढच्या हंगामात मी मुद्दाम तिथं गेलो, या वेळी फोन करून. आम्ही गाडी घातलेल्या कडेला त्यांनी पीक घेतलं होतं. हिरव्यागार पिकात दोन समांतर पट्टे, वीतभर बुटके. वरून आम्ही माती सारखी केली होती, पण इजा खाली होती. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते, त्यातून हवा आणि पाणी खेळतं. ओल्या मातीवरून जड चाक गेलं की ती पोकळी दबते, आणि बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होतं. 'एकदाच तर गेलो' याला काही अर्थ नाही. 'हवा कमी केली होती' यालाही अर्धाच. टायरमधली हवा कमी केल्यानं वरचा थर वाचतो, पण खोलवर किती दाबायचं ते अ‍ॅक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन ठरवतं. वजन काही आपण उतरवत नाही, उलट छतावर फावडं बांधतो.

जमीन विसरत नाही. 1942 मध्ये अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात जनरल पॅटननं रणगाड्यांचा सराव करून घेतला. त्या चाकोऱ्या काही ठिकाणी आजही दिसतात. वाळवंटाच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांची पातळ पापडी असते, ती मोडली की भरून यायला पिढ्या जातात. पेरूतल्या नाझकाच्या रेषा, म्हणजे जमिनीवर कोरलेल्या प्रचंड आकृत्या, दोनेक हजार वर्षांच्या. जानेवारी 2018 मध्ये एका ट्रकचालकानं महामार्ग सोडून ट्रक त्यांच्यावर घातला आणि तीन आकृत्या बिघडवल्या. त्यालाही कुणीतरी विचारायला हवं होतं, कुठं निघाला होता.

आणि हे शिकवतं कोण? जाहिराती! गाडी नदीतून जाते, कुरणातून जाते, पाणी उडतं, संगीत वाजतं. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की चित्रीकरण नियंत्रित जागेत, तज्ज्ञ चालकाकडून. ते वाचायला मी एकदा टीव्हीला नाक लावलं, तर...

चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटं.' बरं, टीव्हीचं राहू द्या. तीन मुद्दे.

गाडी. विहीर झाली, तार झाली. राहिली आग. गाडीच्या पोटाखाली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो काहीशे अंशांपर्यंत तापतो. उंच वाळल्या गवतात गाडी उभी केली की गवत खालून त्याला टेकतं आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. विमा मागायला जाल तर तिथंही हाच प्रश्न येईल, गाडी तिथं का होती? पॉलिसीतल्या अपवादांचं पान आज घरी गेल्यावर वाचा.

माणूस. अपघात झाला, तर तुम्ही आहात कुठं हे कुणालाच माहीत नाही. फाटकाची किल्ली मालकाकडं. अ‍ॅम्ब्युलन्सला आतली वाट दाखवणारा तोच. परवानगी घेतली असेल तर निदान एक माणूस अंधार पडल्यावर म्हणेल, की ते सकाळी आत गेलेले अजून बाहेर आले नाहीत.

कायदा. देशागणिक वेगळा, म्हणून दिशा तेवढी सांगतो. स्वीडनमध्ये परक्याच्या रानातून चालायची मुभा पूर्वापार आहे, स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यानं आहे. ती पायांना आहे, इंजिनाला नाही. ब्रिटनचा 1988 चा रस्ते वाहतूक कायदा अधिकाराशिवाय रस्ता सोडून मोटार चालवणं हाच गुन्हा मानतो. रस्त्यापासून पंधरा यार्डांपर्यंत सूट आहे, ती फक्त गाडी उभी करण्यापुरती, आणि तीही जमीन दुसऱ्याची असेल तर मालकाचा हक्क हिरावत नाही. उलट बाजूही बघा. इंग्लंडमध्ये 1984 पासून, न विचारता आत शिरलेल्याला इजा झाली तरी काही परिस्थितीत मालकाला जबाब द्यावा लागतो. म्हणजे आपण पडायचं आणि कोर्टात त्यानं उभं राहायचं. मालक आपल्याला बघून का भडकतात, त्याचं हे एक कारण.

उपाय छापलेत पत्रिकेवर. उपाय म्हणजे चालत जायचं, घर शोधायचं, विचारायचं. नाही म्हणाले तर परत फिरायचं. हो म्हणाले तर 'कुठून नको' हे आधी विचारायचं, आणि पाऊस पडून गेला असेल तर पुन्हा विचारायचं, कारण कालचा होकार कोरड्या जमिनीसाठी होता.

घंटा झाली. थांबतो. चिठ्ठीच्या मागच्या बाजूलाही काहीतरी लिहिलंय... 'सभागृहाच्या हिरवळीवर गाडी लावलीय, माळी चिडलेत, कृपया हलवावी. पांढरी, छतावर फावडं.' (हशा)

रखवालदाराला विचारूनच लावली होती हो. तो 'कडेला' म्हणाला होता, ते मला नीट ऐकू आलं नाही. आलोच.