कुपीवरचा क्रमांक

नमस्कार श्रोतेहो.

परळला हाफकिन संस्थेवरून बस जाते, तेव्हा मला हटकून एक बाटली आठवते. क्रमांक ५३ एन. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि ते सगळे या एकाच बाटलीतली लस घेतलेले. लस मुंबईची, वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतली. बालंट त्यांच्यावर आलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तोच नीट निर्जंतुक न करता वापरला, हे पुढे आलं. पण हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

दोष बाटलीत होता की टोचणाऱ्याच्या हातात? मी वकील आहे. लसीनंतर बाळाला इजा झाली म्हणून कुणी माझ्याकडे येतं, तेव्हा मलाही आधी हेच विचारावं लागतं.

मध्यंतरी लालबागची एक आई आली होती. दीड महिन्याच्या बाळाला खाजगी नर्सिंग होममध्ये मांडीत इंजेक्शन दिलेलं. थोडी सूज, थोडा ताप हे नेहमीचंच. दोन-तीन दिवसांत उतरतं. इथे गळू झालं, चिरावं लागलं, टाके पडले. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने कार्ड काढलं. तारीख होती, सही होती, बॅच क्रमांकाचा रकाना कोरा. आणि समोरच्या वकिलांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "घरी आजीने शेकलं होतं का हो?" शेकलं होतं. बिचारी खोटं बोलली नाही. आता गळू त्या शेकण्यानेच झालं, असं म्हणायला त्यांना वाट मिळाली.

आपल्याकडे बाळांच्या लसींच्या इजेसाठी संसदेने वेगळा भरपाई कायदा केलेला नाही. त्यामुळे कुणाची तरी चूक दाखवावी लागते, आणि त्या चुकीमुळेच इजा झाली हेही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने ही अट काढली. तिथे लसीच्या प्रत्येक डोसवर, त्यात जितके आजार तितके पाऊण-पाऊण डॉलर कर बसतो. त्या निधीतून भरपाई मिळते, कंपनीचा दोष सिद्ध करावा लागत नाही. ब्रिटनचा कायदा १९७९ चा. मात्र तिथे ६० टक्के अपंगत्व लागतं. मला विचाराल तर असा निधी आपल्याकडे केव्हाच यायला हवा होता. गोवरची लस बाळ एकट्यापुरती घेत नाही, चाळीतल्या सगळ्यांसाठी घेतं. मग हजारो-लाखोंत एखाद्याच्या वाट्याला दुखणं आलं, तर त्याचा खर्च त्याच्या आईबापांनीच का सोसायचा?

तोवर काय करायचं? पैसे देऊन लस घेतली असेल तर ग्राहक आयोग, आणि दोन वर्षांची मुदत. नर्सने बाळाला चुकीचं इंजेक्शन दिल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बाळाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना वेगळे पाच लाख कायम केले. महापालिकेच्या ज्या दवाखान्यात सगळ्यांनाच सगळं फुकट असतं, तिथे ग्राहक कायदा चालत नाही. १९९५ पासून हे ठरलेलं आहे. मग दिवाणी दावा, किंवा उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्धची याचिका. बाळ कायद्याने अज्ञान, म्हणजे वयात न आलेलं, म्हणून आई किंवा बाप वादमित्र होऊन, म्हणजे त्याच्या वतीने, दावा लावतात. वकिलाची फी हा प्रश्न नाही. मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. १५१०० वर फोन करा.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. बाळ दाखल करण्याइतकं आजारी झालं, तर लसीनंतरची गंभीर घटना म्हणून नोंद करा, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मग तज्ज्ञांची समिती बघते, की हा लसीचाच परिणाम, साठवणुकीतली किंवा टोचण्यातली चूक, की निव्वळ योगायोग. योगायोगही असतो बरं का. या वयात मुलं लसीवाचूनही आजारी पडतात. गोवर-रुबेलाची कुपी मात्र, आतली पूड द्रावणात मिसळली की, चार तासांत टाकून द्यायची असते. ती सकाळी किती वाजता उघडली, हे नोंदवहीत असतं. ती नोंदवही सहा महिन्यांनी मागितली तर सापडेल याची खात्री मी देत नाही. रुग्णालयाची कागदपत्रं लेखी मागा, ७२ तासांत द्यायची असतात. सरकारी कागद असेल तर माहिती अधिकार आहेच.

लालबागचं ते बाळ आता अडीच वर्षांचं आहे. पुढच्या सगळ्या लसी आईने वेळेवर दिल्या, दर वेळी कुपीचा फोटो काढून. सिस्टर कुरकुरतात म्हणे. आमच्या प्रकरणाला पुढची तारीख पडली आहे.