कनेक्शन पूल: एचटीटीपी लायब्ररीचं न दिसणारं काम

नमस्कार मंडळी. स्क्रीनवर पायथनची एक ओळ आहे. रिक्वेस्ट्स या एचटीटीपी लायब्ररीचं गेट फंक्शन, कंसात एक यूआरएल. एंटर मारला, जेसन आला, विषय संपला.

आता हीच ओळ लूपमध्ये टाका आणि एकाच सर्व्हरला शंभर वेळा मारा. मग दुसरा प्रयोग: लूपच्या बाहेर एक सेशन ऑब्जेक्ट बनवा आणि शंभर वेळा त्याच्यावरून गेट मारा. उत्तरं तीच येतील, पण दुसरा प्रकार बराच लवकर आटपेल. सर्व्हर लांब असेल तर हा फरक घड्याळ न लावताही जाणवतो.

असं का? लोकांना वाटतं, लायब्ररीचं मुख्य काम म्हणजे रिक्वेस्ट तयार करून पाठवणं. खरं तर ते सगळ्यात सोपं काम. एचटीटीपी १.१ ची रिक्वेस्ट म्हणजे साधा मजकूर असतो. पहिल्या ओळीत मेथड, पाथ आणि व्हर्जन. खाली होस्ट आणि बाकीचे हेडर, मग एक रिकामी ओळ, आणि असलीच तर बॉडी. हे सॉकेटवर, म्हणजे कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकावर, लिहायला कुणी लायब्ररी आणत नाही. लायब्ररीचा खरा घाम गळतो तो कनेक्शन सांभाळण्यात.

जरा हिशोब करू. समजा तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला १०० मिलिसेकंद लागतात. डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधण्याचा, वेळ सोडून देऊ. टीसीपीच्या हँडशेकला, म्हणजे कनेक्शन जोडायला, एक फेरी. मग एन्क्रिप्शन ठरवणारं टीएलएस: १.३ असेल तर आणखी एक, जुनं १.२ असेल तर दोन. त्यानंतर कुठे तुमची रिक्वेस्ट निघते, तिची एक फेरी. म्हणजे टीएलएस १.३ धरूनसुद्धा ३०० मिलिसेकंद, आणि त्यातले २०० नुसती ओळखपाळख करण्यात गेले. कनेक्शन आधीपासून उघडं असेल तर तीच रिक्वेस्ट १०० मध्ये होते.

म्हणून लायब्ररी काम झालं तरी कनेक्शन बंद करत नाही, पूलमध्ये, म्हणजे उघड्या कनेक्शनांच्या साठ्यात, ठेवते. स्कीम, होस्ट आणि पोर्ट मिळून त्याची किल्ली बनते. पुढची रिक्वेस्ट आली की आधी या किल्लीचं मोकळं कनेक्शन आहे का ते बघायचं, नसेल तर नवं उघडायचं. रिक्वेस्ट्सचं नुसतं गेट वापरलं की आत दर वेळी नवं सेशन बनतं आणि लगेच बंद होतं. पूल आहे, पण जन्मतःच मरतो!

पूलला मर्यादाही असतात. जावा आणि अँड्रॉइडवरची ओकेएचटीटीपी लायब्ररी मुळात ५ रिकामी कनेक्शनं ठेवते, तीही ५ मिनिटं. गो भाषेच्या डीफॉल्ट ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे कनेक्शन सांभाळणाऱ्या भागात, एकूण १०० रिकामी चालतात, पण एका होस्टसाठी फक्त २. मेख इथे आहे. तुमच्या ५० गोरूटीन, म्हणजे गोमधली एकाच वेळी चालणारी कामं, एकदम एकाच सर्व्हरवर तुटून पडल्या, तर एचटीटीपी १.१ वर ५० कनेक्शनं उघडू शकतात. काम झाल्यावर त्यातली दोन राहतात, बाकीची बंद. पुढच्या लाटेला पुन्हा तेच. एकाच सर्व्हिसशी सतत बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा वाढवायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जिथे भलेभले अडकतात ती जागा. कनेक्शन पूलमध्ये परत कधी जातं? उत्तर पूर्ण वाचून झाल्यावर. पण उत्तर संपलं हे कळणार कसं? कनेक्शन तर उघडंच राहणार आहे. एक तर कंटेंट-लेंग्थ हेडरमध्ये बाइट्सचा आकडा येतो. नाहीतर उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी हेक्समध्ये, आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा. तो दिसला की संपलं.

समजा तुम्ही स्टेटस कोड बघितला, ५०० (सर्व्हरकडची चूक) निघाला, आणि बॉडी न वाचताच पुढे गेलात. उरलेले बाइट्स त्याच कनेक्शनमध्ये पडून आहेत. हे कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टला दिलं, तर तिला आधीच्या उत्तराचं शेपूट मिळेल. म्हणून लायब्ररीपुढे दोनच वाटा: राहिलेलं वाचून फेकून द्यायचं, नाहीतर कनेक्शन तोडायचं. गोमध्ये बॉडी शेवटपर्यंत वाचून क्लोज करा म्हणतात ते यासाठी. रिक्वेस्ट्समध्ये स्ट्रीम, म्हणजे बॉडी लगेच न वाचण्याची सोय, चालू केलं असेल तर सगळा डेटा वाचेपर्यंत किंवा क्लोज म्हणेपर्यंत ते कनेक्शन पूलकडे परत जात नाही.

पूलची आणखी एक डोकेदुखी. रिकामी कनेक्शनं सर्व्हरही फार काळ ठेवत नाही. त्याने बंद केल्याची खबर अजून वाटेत आहे, आणि इकडे तुम्ही त्याच कनेक्शनवर रिक्वेस्ट लिहिलीत. हाती येतो एरर. गेट असेल तर लायब्ररी नव्या कनेक्शनवर परत पाठवू शकते, कारण गेट दोनदा झाल्याने काही बिघडायला नको. पण सर्व्हरवर काही बदल करणारी पोस्ट असेल तर? सर्व्हरने ती बंद करण्याआधी वाचली की नाही, कोण सांगणार? पैसे दोनदा कापले गेले तर? म्हणून गोची लायब्ररी पोस्ट आपणहून परत पाठवत नाही. मात्र आयडेम्पोटन्सी-की हेडर, म्हणजे ही रिक्वेस्ट दोनदा गेली तरी चालेल अशी खूण, लावलंत तर पाठवू शकते. बरा उपाय म्हणजे आपल्या पूलची मुदत सर्व्हरच्या मुदतीपेक्षा थोडी कमी ठेवणं.

२०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी २ ने एका कनेक्शनवर अनेक रिक्वेस्ट एकाच वेळी चालवायची सोय केली, त्यामुळे पूलवरचा ताण खूप कमी झाला. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

जाता जाता टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं ती मर्यादा. रिक्वेस्ट्समध्ये तुम्ही दिला नाहीत तर टाइमआउट नसतोच, प्रोग्रॅम लटकून राहू शकतो. बरं, ५ सेकंद दिलात तरी ते पूर्ण उत्तराचे नव्हेत. कनेक्ट व्हायला ५, आणि नंतर सॉकेटवरच्या प्रत्येक वाचनाला ५. दर ४ सेकंदांनी एकेक बाइट सोडणारा सर्व्हर भेटला तर तुमचा टाइमआउट कधीच वाजणार नाही. गोच्या क्लायंटमधला टाइमआउट बॉडी वाचण्यासकट सगळ्याला लागू होतो. पायथनमध्ये तसं हवं असेल तर बॉडी तुकड्यांनी वाचा आणि प्रत्येक तुकड्यानंतर घड्याळ स्वतः बघा.